पंधराशे पौंडांत एमएक्स-५ : आधी पत्रा, मग टायर

वाचकाचं पत्र

काका, मी २६ वर्षांचा, मूळचा साताऱ्याचा, सध्या लेस्टरमध्ये नोकरी करतो. जपानी स्पोर्ट्स कारचं वेड शाळेपासूनचं. तीन महिन्यांपूर्वी पहिली गाडी घेतली : माझदा एमएक्स-५, २००१ चं मॉडेल, १.८ लिटर, १५ इंची मूळ चाकं. तिच्यासाठी १,५०० पौंड बाजूला काढलेत, त्यापुढे वर्षभर काही जमणार नाही. मनात आहे ते असं : गाडी खाली बसवायला कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंग-शॉक), १७ इंची चाकं, मोठा एक्झॉस्ट, इनटेक किट (इंजिनात हवा घेणारा उघडा फिल्टर) आणि पैसे उरले तर टर्बोची सुरुवात. मित्र म्हणतात, आधी इंजिन कर. मागच्या एमओटीत (इथली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) गाडी पास झाली, पण दोन्ही सिलला गंज असल्याची नोंद आहे. पुढची एमओटी फेब्रुवारीत. घरी सांगितलंय की ऑफिसला जायला साधी गाडी घेतली. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. दोन सीटची, वीस वर्षांहून जुनी गाडी घेतली म्हटलं तर चिडतील. सुरुवात कुठून करू? आणि पुढेमागे ही गाडी भारतात आणता येईल का?

उत्तर

गाडी चांगली निवडलीस, आणि हातातला आकडा मोकळेपणाने सांगितलास हेही चांगलं केलंस. त्यामुळे मलाही स्पष्ट सांगता येतं : तुझ्या यादीतली एकही वस्तू या १,५०० पौंडांत घेऊ नकोस. गाडीत बदल करायला माझा विरोध नाही, उलट ही गाडी त्यासाठी फार सोयीची आहे. पण तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू सहज लिहून पुढे गेलास. सिलला गंज आहे, तोही दोन्ही बाजूंना. भिंतीत ओल असताना वरून रंग दिला तर तो एक पावसाळाही टिकत नाही. आधी तिथे बघू.

सिल म्हणजे दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची पोकळ पेटी. छप्पर असलेल्या गाडीत वजनाचा आणि पिळाचा बराचसा भार छप्पर आणि खांब घेतात. तुझ्या गाडीला छप्पर म्हणजे कापडी हूड, म्हणून तो भार या पेट्यांवर येतो. त्या आतून पोखरल्या असतील तर महागडं सस्पेन्शन ज्या सांगाड्याला धरून काम करणार, तो सांगाडाच ढिला. एमओटीतही बघतात ते हेच. सीटबेल्टचे आणि सस्पेन्शनचे जोड जिथे आहेत त्यांच्यापासून ३० सेंटिमीटरच्या आत भार घेणारा पत्रा कमजोर झाला असेल तर गाडी नापास होते. मागच्या वर्षीची नोंद म्हणजे तपासनीसाने तुला वेळ दिला आहे, आणि तो फेब्रुवारीत संपतो.

एमएक्स-५ च्या सिल बहुतेकदा बाहेरून नाही, आतून गंजतात. हूडवर पडलेलं पावसाचं पाणी सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत, सीटबेल्टच्या खांबांजवळ, दोन नळ्यांत उतरतं आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे गाडीखाली बाहेर पडतं. या नळ्या पानं, माती आणि हूडच्या कापडाच्या धाग्यांनी तुंबतात. मग पाणी सिलच्या पोकळीत शिरतं आणि तिथेच साचतं. येत्या सुट्टीच्या दिवशी दोन्ही कोपऱ्यांत तांब्याभर पाणी ओतून बघ. खाली लगेच धार लागली तर नळी मोकळी आहे. थेंब थेंब आलं किंवा काहीच आलं नाही, तर मऊ प्लास्टिकची लवचीक वायर घालून हलक्या हाताने मोकळी कर. टोकदार तार घालू नकोस, आतली रबरी नळी निसटली तर पाणी थेट पत्र्यावर जाईल. नळ्या मोकळ्या न करता सिल वेल्ड केली तर दोन-तीन हिवाळ्यांत पुन्हा तेच काम निघेल.

आता वेल्डिंग. सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की गाडीचा एमओटीचा जुना इतिहास फुकट दिसतो, तो पूर्ण वाच. गंजाची नोंद कोणत्या वर्षी पहिल्यांदा आली, मध्ये एखाद्या वर्षी ती अचानक गायब झाली का, हे बघ. गायब झाली असेल तर कोणीतरी पत्रा बदलला किंवा नुसती लांबी (पुट्टी) भरून वर काळं अंडरसील (गाडीच्या पोटाला लावायचा गंजरोधक थर) फासलं. दुसरं असेल तर आत काय आहे ते खरवडल्याशिवाय कळणार नाही. काम देताना वेल्डरला तीन गोष्टी विचार. गंजलेला भाग कापून काढणार की वरून पॅच मारणार? वेल्ड सलग घेणार ना? (भार घेणाऱ्या पत्र्यावर एमओटीत सलग शिवणच लागते, लांबी आणि फायबर तिथे चालत नाही.) आणि काम चालू असताना, बंद करण्याआधी, आतले फोटो देणार का? तिसऱ्या प्रश्नाला जो आनंदाने हो म्हणतो त्याला काम दे, शंभर पौंड जास्त पडले तरी. दोन्ही बाजू मिळून सहा-सातशे पौंड धर. मागच्या चाकाच्या कमानीपर्यंत गंज गेला असेल तर जास्त.

त्याच वेळी पुढच्या चॅसिसच्या दोन तुळया बघायला सांग. तुझ्या पिढीच्या गाडीत, म्हणजे १९९८ ते २००५ च्या, या तुळयांचा पुढचा भाग दुहेरी पत्र्याचा आहे. दोन पत्र्यांच्या मध्ये ओल अडकते आणि गंज बाहेर दिसेपर्यंत आतलं बरंच गेलेलं असतं. घेणारे सिल बघतात, या तुळया बघत नाहीत. तिथे भोक निघालं तर मला सगळे आकडे बदलून सांगावे लागतील. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून ही तपासणी आधी, बाकी सगळं नंतर.

वेल्डिंग झालं की सिलच्या आणि तुळयांच्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) मार. हे काम तू स्वतः करू शकतोस, दोन-तीन डबे पुरतात, आणि तुझ्या पंधराशेतला सगळ्यात चांगला खर्च हाच असेल. लेस्टरला हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तेव्हा दर पंधरवड्याला गाडीचं पोट साध्या पाण्याने धुऊन काढ.

घाईत उरकायची पण न चुकवायची एक गोष्ट म्हणजे कागदपत्रांत टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती शोधणं. तो साधारण ६० हजार मैलांना बदलतात आणि वर्षांचाही हिशोब असतो. वॉटर पंपापर्यंत पोचायला बेल्ट काढावाच लागतो, म्हणून दोन्ही एकदमच करायचे. पावती नसेल तर हे काम वेल्डिंगच्या लगेच खाली येतं, आणि मी पुढे लिहिलेलं अर्धं पुढच्या वर्षावर जातं. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी काळ्याची तपकिरी झाली असेल तर तोही थकलाय. क्लच पेडल मऊ लागत असेल तर खालचा स्लेव्ह सिलिंडर गळतोय, या गाडीत तो सर्रास जातो आणि स्वस्तात बदलतो.

आता जे मित्र "आधी इंजिन कर" म्हणतात त्यांच्याबद्दल. ही गाडी कशासाठी बनली ते माहीत असलं की हा सल्ला का चुकतो ते कळतं. पहिली एमएक्स-५ फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये दिसली. तोशिहिको हिराई हे तिचे मुख्य अभियंता. साठच्या दशकातल्या ब्रिटिश रोडस्टर, लोटस एलानसारख्या, डोळ्यांसमोर ठेवून माझदाने ती आखली. हलकी, उघडी, मागच्या चाकांना ताकद देणारी, पण रोज सकाळी न कुरकुरता चालू होणारी. तू त्याच ब्रिटिश रस्त्यांवर ती चालवतोस, हे मला फार आवडलं. तुझ्या गाडीचं वजन एक टनाच्या जरासंच वर आहे. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन त्रिकोणी दांडे) आहे, जे त्या किमतीच्या गाड्यांत सहसा मिळत नाही. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरेन्शियल ॲल्युमिनियमच्या एका लांब चौकटीने जोडलेले आहेत, म्हणून ॲक्सिलरेटरवर पाय हलला की गाडी लगेच उत्तर देते. इंजिन १४० अश्वशक्तीच्या आसपासचं. हे इंजिन पिळून चालवायचं असतं, सात हजार आरपीएमच्या लाल रेषेजवळ नेऊन, आणि तसं चालवूनही तू फार वेडा वेग गाठत नाहीस. गाडीची सगळी मजा यात आहे. ती वाढवायची तर चाक जिथे रस्त्याला टेकतं तिथे पैसे घालावे लागतात.

म्हणून वेल्डिंगनंतर पहिला नंबर टायरचा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१६ असेल तर तो २०१६ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. एमएक्स-५ बहुतेक जण हौसेने, कमी मैल चालवतात, त्यामुळे नक्षी भरपूर दिसते पण रबर दगडासारखं झालेलं असतं. ओल्या गोल चौकात मागचं चाक अचानक सुटतं ते यामुळे. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच जातीचे घे, १९५/५० आर१५, आणि लेबलवर ओल्या रस्त्याच्या पकडीसाठी 'ए' असलेले बघ. बसवून तीनशे पौंडांच्या आसपास जातील. एवढ्या पैशात या गाडीत याहून मोठा फरक कशानेच पडणार नाही.

१७ इंची चाकांचा विचार सोडून दे. चाक-टायर जड झाले की खड्ड्यावर सस्पेन्शनला ते आवरायला जास्त कष्ट पडतात, स्टिअरिंग सुस्त होतं, टायरची भिंत पातळ झाल्याने रिम वाकतात, आणि गाडी प्रत्यक्षात हळू वाटते. पुढे कधी चाकं बदलावीशी वाटली तर १५ इंचीच, पण मूळच्यापेक्षा हलकी घे. फरक हातांना जाणवेल.

टायरनंतर व्हील अलाइनमेंट, आणि इथे जरा थांबतो, कारण हे काम नीट झालं तर गाडी ओळखू येत नाही. विशबोनच्या बोल्टवर तिरक्या चकत्या असतात. त्या फिरवून कॅम्बर (चाक आत-बाहेर किती कललंय), कॅस्टर (स्टिअरिंगचा अक्ष मागे किती कललाय), टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) सगळं जुळवता येतं. ही सोय जपानमधून येताना गाडीबरोबर फुकट मिळालेली आहे. पण इंग्लंडात वीस वर्षांत ते बोल्ट बुशच्या (सांध्यातल्या रबराच्या) आतल्या नळीत गंजून घट्ट बसतात. म्हणून साधं टायरचं दुकान "पुढचं टो जुळवलं" म्हणून पावती फाडतं आणि बाकी काही हलवत नाही. महिनाभर आधीपासून दर आठवड्याला त्या बोल्टांवर पेनिट्रेटिंग ऑइल (गंजलेले बोल्ट सैल करणारं तेल) मारत राहा. मग एमएक्स-५ ची माहिती असलेल्या आणि चारही चाकं जुळवणाऱ्या जागी जा. रस्त्यासाठी पुढे साधारण उणे १ अंश कॅम्बर, मागे उणे दीड अंश, कॅस्टर पाच अंशांच्या आसपास आणि मागे किंचित टो-इन, हे सांगून बघ. बोल्ट सुटले तर शंभर पौंडांत नवी गाडी. सुटले नाहीत तर ते कापून नवे बोल्ट आणि बुश घालण्याचा खर्च काढून ठेव, पण तो पुढच्या वर्षी.

ब्रेकला डिस्क बदलायची गरज बहुधा नसेल. चांगले पॅड आणि नवं डॉट ४ फ्लुइड, बस. मागचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) मात्र बघ. हँडब्रेक खूप वर ओढावा लागत असेल तर केबल घट्ट करायला जाऊ नकोस. मागच्या कॅलिपरवर १४ मिलिमीटरचा एक बोल्ट आहे, तो काढला की आत ४ मिलिमीटरची ॲलन की बसते. हँडब्रेक सोडून, चाक उचलून, ती घड्याळाच्या दिशेने फिरवायची, चाक अडेपर्यंत, मग एक तृतीयांश फेरा मागे. कितीतरी लोक या एका बोल्टाच्या माहितीअभावी नवे कॅलिपर घेतात. जॅक पुढे मधल्या क्रॉसमेंबरला आणि मागे डिफरेन्शियलला लाव, नव्याने वेल्ड केलेल्या सिलला नको. आणि स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. हे मी हात जोडून सांगतो.

यात तुझे तेराशेच्या आसपास संपतील. उरलेले दोनशे जुन्या गाडीच्या अचानक खर्चासाठी राहू देत.

कॉइलओव्हरचं काय? चांगले संच आहेत, पण ते या वर्षीच्या पैशात बसत नाहीत, आणि स्वस्तातले संच गाडी बिघडवतात. एमएक्स-५ च्या सस्पेन्शनला वरखाली हालचालीला जागा कमी आहे. गाडी फार खाली बसवली की ती कायम बंप स्टॉपवर (सस्पेन्शनची हालचाल शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यांवर) टेकलेली राहते, वळणात खड्डा आला की उडी मारून बाजूला सरकते. गुळगुळीत पार्किंगमध्ये सुंदर दिसते, पण तू ज्या खडबडीत गावरस्त्यांवर आनंदासाठी जाणार, तिथे ती तुला दमवेल. पुढच्या वर्षी पैसे जमले तर पहिल्यांदा मूळ मापाचे नवे शॉक ॲब्सॉर्बर, नवे बंप स्टॉप आणि वरचे माउंट घाल. जुने थकलेले शॉक काढून नवे बसवलेली, मूळ उंचीची एमएक्स-५ चालवल्यानंतरच ठरव की खाली बसवायची का.

इनटेक किटने आवाज वाढतो, ताकद नाही. उलट उघडा फिल्टर इंजिनच्या जवळची गरम हवा ओढतो. मूळ डब्यात नवा फिल्टर टाक. एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) काढलास तर एमओटी होणार नाही. टर्बो ही चांगली गोष्ट आहे, पण किटबरोबर इंजेक्टर, इंजिनचा नवा कंट्रोलर, क्लच आणि थंड ठेवण्याची व्यवस्था येते, आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स त्या ताकदीला कुरकुरतो. हा हजारांचा खेळ आहे. तो सुरू करून अर्धवट सोडलेल्या गाड्या विकायला आलेल्या दिसतात, तशी तुझी होऊ नये.

त्यापेक्षा स्वतःच्या हातांवर खर्च कर. तिथल्या मोटर क्लबांच्या ऑटोसोलो स्पर्धा असतात. मोकळ्या डांबरी मैदानात कोन लावलेले, रोजच्या वापरातली गाडी, घड्याळाशी शर्यत. मोटरस्पोर्ट यूके या तिथल्या मोटार स्पर्धांच्या संस्थेचा आरएस क्लबमन परवाना त्यासाठी फुकट मिळतो आणि प्रवेश फी परवडते. एमएक्स-५ तिथे भरपूर दिसतील. शेजारच्या माणसाला बिनधास्त विचार, ते स्वतःहून गाडीखाली वाकून दाखवतात. डोनिंग्टन आणि मॅलरी पार्क हे रेस ट्रॅक तुझ्यापासून जवळ आहेत, पण ट्रॅक डे (आपली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस) नंतर. रस्त्याचा विमा ट्रॅकवर सहसा चालत नाही आणि नवशिक्याने तिथे गाडी ठोकली तर सगळा हिशोब बुडतो.

बाबांना सांग. ज्या माणसाने आयुष्यभर एसटीच्या गाड्यांचा पत्रा, बुश आणि ब्रेक बघितले, त्याच्यापासून तू गाडी लपवतोस, यात तुझं दुहेरी नुकसान आहे. वेल्डरचे फोटो घरी पाठव आणि विचार, "बाबा, ही शिवण बरोबर आहे का?" आधी चिडतील, ते सहन कर. काळजीने चिडतात, कारण तू दूर आहेस आणि गाडी जुनी आहे. पण सिलचा प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला ते उत्तर दिल्याशिवाय राहणार नाहीत. गंजलेल्या पत्र्याबद्दल त्यांच्याकडून तुला जे कळेल ते माझ्या उत्तरात नाही.

भारतात आणण्याचा विचार मनातून काढ. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी भारतात आयात करू देत नाहीत, आणि तुझी पंचविशीकडे निघाली आहे. शिवाय आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. तिच्यावर जे करायचं ते तिथेच, तिथल्या रस्त्यांसाठी कर. परत येताना ती अशा माणसाला विक ज्याला सिलचे फोटो बघून आनंद होईल.

शेवटचं काम पहिल्यांदा करायचं आहे. विमा कंपनीला फोन. तिथल्या २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याप्रमाणे कंपनीने विचारलेल्या गोष्टींची खरी माहिती देण्याची जबाबदारी तुझी आहे. वेगळी चाकं, वेगळा एक्झॉस्ट, खाली बसवलेलं सस्पेन्शन, सगळं सांगावं लागतं, आधीच्या मालकाने केलेले बदलसुद्धा. न सांगितलेला बदल अपघातानंतर सापडला तर दावा नाकारला जाऊ शकतो, आणि समोरच्याचं नुकसान तुझ्या डोक्यावर येऊ शकतं. तुझ्या वयाला हप्ता आधीच जड असेल, म्हणून एमएक्स-५ च्या मालकांच्या क्लबमार्फत आणि बदल केलेल्या गाड्यांचा विमा करणाऱ्या दोन-तीन कंपन्यांकडून आकडे घे. नुसते पॅड आणि मूळ मापाचे टायर यांना बहुतेकांची हरकत नसते, पण तेही विचारून घे आणि उत्तर ईमेलवर माग. हा फोन सोमवारी कर, आणि लिफ्टवरच्या तपासणीची तारीख त्याच दिवशी ठरव, म्हणजे फेब्रुवारीआधी वेल्डरला पुरेसे दिवस मिळतील.